विभूती लावलेली सीडी

मुंजाजीकाकांनी माझं मासिक दुसऱ्याला विकून टाकलं, त्याबद्दल मी त्यांचे जन्मभर उपकार मानते. त्या दिवशी मात्र त्यांच्या स्टॉलवरची सगळी वर्तमानपत्रं केजच्या स्टँडभर उधळून द्यावीत, असं मला वाटलं होतं.

दोन हजार साल होतं ते. संगणकाचं एक इंग्रजी मासिक केजला यायचं, तेही एकच प्रत, आणि ती माझ्यासाठी. या महिन्याच्या अंकाबरोबर एक सीडी फुकट मिळणार होती. लिनक्स नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम – घरच्या संगणकावर टाका आणि वापरून बघा. मागच्या अंकात जाहिरात वाचल्यापासून मी त्या सीडीची वाट बघत होते. आणि काका म्हणतात, आत्ताच एका पोराला दिलं!

"लई आर्जवं केली गं त्यानं," काका म्हणाले. "तू चार दिस फिरकली न्हाईस. मला वाटलं, तुझं लगीन ठरलं."

माझ्या लग्नाचा विषय निघाला की मला तेव्हा राग यायचा. मी विचारलं, कुठाय तो पोरगा? काकांनी युसूफ वडगावच्या गाडीच्या फलाटाकडं बोट केलं.

परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती. पत्र्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. एक उंच, सडसडीत मुलगा खांबाला टेकून उभा होता, आणि भिजू नये म्हणून त्यानं मासिक शर्टाच्या आत घातलं होतं. वरचं एक टोक तेवढं गळ्यापाशी दिसत होतं.

"ते माझं आहे," मी म्हणाले.

त्यानं खाली बघितलं, मग माझ्याकडं. "शर्ट?"

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. मासिक माझ्यासाठीच येतं, हे मी त्याला ठणकावून सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बोलण्यातून कळलं की तो वडगावच्या ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो, आणि त्याच्याकडं संगणकच नाही.

"मग त्या सीडीचं काय लोणचं घालणार?"

"आधी वाचतो. मशीन कुठंतरी मिळंल की," तो म्हणाला. "तुमच्याकडं हाय का?"

"घरी आहे."

आमच्या भागात घरी बारमाही विहीर आहे म्हटल्यावर लोक जसे बघतात ना, तसा तो माझ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात गाडी लागली. लोकांची रेटारेटी सुरू झाली. त्यानं शर्टातून मासिक काढलं, मुखपृष्ठावर चिकटवलेली सीडीची पिशवी हळूच सोडवली आणि माझ्या हातात दिली.

"सीडी तुमी न्या. मासिक मला वाचू द्या. पुढच्या बाजारी हितंच आणून देतो."

"आणि नाही आणलं तर?"

"तर सीडी तुमच्याकडंच हाय की. बुडालो तर मीच."

तो गाडीत चढला. गाडी हलली तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "तिसरं पान वाचल्याबिगर काही करू नका हां." मी मान हलवली. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिसरं पान त्याच्याकडंच आहे. आणि त्याचं नावही मला ठाऊक नाही.

आता घरातली गोष्ट सांगायला हवी. माझे वडील, गुरुपादअप्पा, यांचं केजच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान. मी बी.एस्सी. झाले, तेव्हा स्थळं यायला लागली आणि मी कारणं सांगायला लागले. अप्पा वैतागले. पण मनानं मऊ माणूस. मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी संगणक घेऊन दिला, सोबत टरटरणारा प्रिंटरही दिला, आणि एक अट घातली. येत्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत हे खोकं दुकानाच्या काही कामाचं आहे हे दाखवायचं. नाहीतर ते लातूरला माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडं जाणार, आणि येईल त्या स्थळासमोर मी कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन मुकाट उभी राहणार.

म्हणून मी दुकानाचं दिवाळीचं पत्रक तयार केलं होतं. महिनाभर खपून. मराठी अक्षरं, कडेनं वेलबुट्टी, मध्ये समई. तोच माझा एकमेव पुरावा. ते अजून छापायचं होतं, त्या संगणकाच्या पोटातच होतं.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी ज्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. दुकानात गज, कात्री आणि गल्ला. घरात आईनं या वर्षी संगणकही पूजेत घेतला. कीबोर्डवर झेंडूची फुलं आली, पडद्याला हळदीकुंकू लागलं. मी शेजारी आरतीचं ताट धरून उभी होते, पण माझं लक्ष कुठं होतं म्हणता… मी त्या गळ्यापाशी डोकावणाऱ्या मासिकाच्या टोकाचा विचार करत होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला राहवेना. बाजार परवा होता. परवापर्यंत कोण थांबणार? अप्पा दुकानात गेले तशी मी सीडी आत सरकवली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्नावर प्रश्न यायला लागले. मी पुढं, पुढं करत गेले. एका ठिकाणी संगणकानं विचारलं, सगळी डिस्क वापरू का? मी म्हटलं, पाहुणा पहिल्यांदा घरी येतोय, त्याला काय एका कोपऱ्यात बसवायचं? वापर बाबा सगळी.

निळी पट्टी सरकायला लागली. मी खूश. आणि मध्येच ती थांबली. सीडी वाचता येत नाही, म्हणे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी संगणक बंद करून चालू केला, तर जुनी विंडोजही नाही आणि नवीन लिनक्सही नाही. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. पत्रक गेलं होतं.

मी सीडी बाहेर काढून उलटी केली. चकचकीत बाजूवर विभूतीचे तीन सुबक पट्टे, मध्ये कुंकवाचा टिळा.

"आई, हे काय केलंस?"

"कावून, काय झालं?" आई पदराला हात पुसत आली. "पूजेत ठेवलती मी. चमकतंय ते तोंड आसंल म्हून त्याच बाजूला लावली."

मला आईवर रागावता येईना. तिनं तर माझ्या कामाला यश यावं म्हणूनच लावली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले, आणि आईनं मला समोर बसवून गरम भाकरी खाऊ घातली.

बाजारच्या दिवशी तो स्टँडवर आला. मासिकाला खाकी कव्हर घातलं होतं. मी काही बोलायच्या आधीच त्यानं माझा चेहरा वाचला असावा.

"तिसरं पान…" तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "सगळं पुसलं मी."

तो हसला असता तर मी त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नसते. पण तो हसला नाही. त्यानं मासिक उघडून तिसरं पान माझ्यापुढं धरलं. जुनं काही जपायचं असेल तर पहिला पर्याय निवडू नका, असं तिथं चौकटीत छापलं होतं. "चूक माझी हाय," तो म्हणाला. "पान फाडून द्यायला पायजे होतं." आणि विचारलं, तुमच्या घरी आलो तर चालंल का?

आईनं दारातच विचारलं, कुणाचा तू? वडगावच्या उत्तरेश्वर किराणावाल्यांचा मुलगा म्हटल्यावर तिची ओळख लागली, आणि चहा ठेवला गेला. मी सीडी त्याच्या हातात दिली. विभूती बघून तो जरा थबकला. आईनं जुन्या धोतराचं मऊ फडकं आणलं, पण देताना तिचा जीव वरखाली होत होता. पूजेतली विभूती, अशी पुसून टाकायची?

"पुसायची न्हाई, मावशी," तो म्हणाला. त्यानं बोटानं हलकेच ती विभूती उचलली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. उरलेलं मग फडक्यानं, आतून बाहेर, अगदी सावकाश टिपलं.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, शेजारच्यांची शेळी होती.

या वेळी पट्टी अखेरपर्यंत गेली. तिसरं पान, चौथं पान, तो वाचायचा आणि मी दाबायची. मग संगणकानं विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय?

तो पडद्याकडं बघत म्हणाला, "नाव विचारायलंय. सांगा त्याला."

तोवर आम्ही एकमेकांना नाव विचारलंच नव्हतं. मी टाइप केलं – रुद्राणी. त्यानं ते वाचलं. मोठ्यानं नाही, ओठ तेवढे हलले.

"आता पासवर्ड. मी तिकडं तोंड करतो."

आणि तो खरोखरच पाठ फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभा राहिला. शाळेत शिक्षा झाल्यासारखा. आई चहा घेऊन आली आणि विचारायला लागली, ह्याला भिंतीकडं कावून उभं केलंस? मला इतकं हसू आलं, की पासवर्ड दोनदा चुकला.

मासिकात लिहिलं होतं, एकाच संगणकावर कितीही जणांना आपापली जागा देता येते. मी म्हटलं, तुमचंही नाव घाला मग. त्यानं एकेक अक्षर शोधत टाइप केलं – विश्वेश्वर. पडद्यावर एकाखाली एक दोन नावं आली. आम्ही दोघंही जरा जास्तच वेळ तिथं बघत राहिलो, आणि मग एकदमच कपाला हात घातला.

खरी अडचण पुढंच होती. त्या सीडीत सगळं होतं, लिहायचं, मोजायचं, खेळायचंसुद्धा. मराठी अक्षरं मात्र नव्हती. मी त्याला अप्पांची अट सांगितली, पत्रकाचं सांगितलं, कांदेपोह्यांचंही सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजे मशीन लातूरला गेलं, तर…"

"तर काय?"

"तर मला केजला यायला कारण ऱ्हात न्हाई," तो म्हणाला, आणि घाईघाईनं मासिकाची पानं उलटायला लागला.

तोवर मला फक्त संगणक वाचवायचा होता. आता आणखी काहीतरी जाणार होतं त्याच्याबरोबर.

मार्ग मला सुचला, हे मी आवर्जून सांगते, कारण विश्वेश्वर अजून तो आपल्याला सुचला म्हणतो. त्या सीडीत चित्रं काढायचा एक प्रोग्राम होता. मी म्हटलं, टाइप होत नाहीत ना अक्षरं, मग काढूया. माउसनं, हातानं.

मग तो कॉलेज सुटलं की दुपारच्या गाडीनं यायला लागला. आई दिवाळीच्या वाती वळत तिथंच बसायची. मी माउसनं अक्षरं काढायची, तो शेजारच्या खुर्चीवरून सांगायचा – काना सरळ नाही, मात्रा उडून चाललीय. 'दिवाळी'तला ळ काही केल्या जमेना. माझी प्रत्येक वेळी जिलबी व्हायची. एकदा तो म्हणाला, बघू, आणि माउसकडं हात नेला. मी हात काढायला विसरले. त्याचा हात माझ्या हाताच्या वर, दोन बोटांच्या अंतरावर थांबला… आणि तसाच मागं गेला.

"तुमीच काढा," तो म्हणाला. "तुमच्या हाताचंच पायजे."

त्या दुपारी ळ जमला. कसा, ते मला विचारू नका. आईनं वातींवरून मान वर केली नाही, पण तिच्या गालात हसू होतं.

रविवारी अप्पा जेवून पान लावत बसले होते, तेव्हा प्रिंटर टरटरला. मी कागद त्यांच्यापुढं धरला. विश्वेश्वर दाराशी उभा होता; तो संगणकाच्या कामाला येतो, एवढं आईनं अप्पांच्या कानावर घातलं होतं. अप्पांनी चष्मा लावून पत्रक वाचलं, मग कागद जवळ घेऊन अक्षरं न्याहाळली.

"हे छापखान्याचं वाटत न्हाई. कुणाचं अक्षर?"

"माझं," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. न वाचता दाबलं, जुनं सगळं गेलं, पहिलं पत्रकही गेलं. विश्वेश्वर मध्येच म्हणाला, अप्पा, पान माझ्याकडं राहिलं, चूक माझी हाय. मी म्हटलं, दाबलं मी. अप्पा एकदा माझ्याकडं बघत, एकदा त्याच्याकडं. आळ स्वतःवर ओढून घ्यायला दोन माणसं भांडतायत, असं त्यांनी इतक्या वर्षांच्या धंद्यात बघितलं नसावं.

"आणि ही नवी शिष्टीम कुणाची? केवढ्याला?"

फुकट म्हटल्यावर अप्पा सावध झाले. व्यापारी माणूस. फुकट कोण देतं, आणि त्याच्या मनात काय आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. विश्वेश्वर खाली बसला आणि समजावून सांगायला लागला. जगभरातली माणसं आहेत, कोण कुठली, एकमेकांना बघितलंही नाही. ज्याला जे येतं ते त्यानं यात घातलं. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, दुसऱ्याला द्यावं. कुणाला नाही म्हणायचं नाही, एवढीच रीत.

अप्पा पान चघळायचे थांबले.

"मग हा दासोह की," ते म्हणाले.

आमच्या मठात दासोह चालतो. कुणीही यावं, पंगतीला बसावं, जेवावं. कोण कुणाचा हे विचारायचं नाही, आणि प्रत्येकानं आपल्या ताकदीनं शिधा आणून घालायचा. अप्पा दर श्रावणात तिथं वाढायला जातात. जी गोष्ट मला महिनाभर समजावता आली नसती, ती त्यांना एका क्षणात कळली. माझे डोळे भरून आले. कोण ते लोक, कुठल्या थंडीवाऱ्यात बसून त्यांनी हे लिहिलं असेल, आणि त्यांचं वाढलेलं केजमध्ये आमच्या ताटात येऊन पडलं होतं.

पत्रकं वाटली गेली. बाजारच्या दिवशी बायका पत्रक हातात घेऊन दुकानात यायच्या आणि विचारायच्या, हे घरच्यावाणी अक्षर कुणाचं? माझ्या पोरीचं, असं सांगताना अप्पा गज जरा उंच धरायचे, हे मी स्वतः बघितलंय. पण मशीन राहणार की जाणार, यावर चकार शब्द नाही. मी विचारलं की म्हणायचे, पाडव्याला.

पाडव्याच्या सकाळी दुकानात पूजा झाली. अप्पांनी विश्वेश्वरला मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. तो पांढऱ्या शर्टात आला होता आणि कापडाच्या ठाणांशेजारी अवघडून बसला होता. मी प्रसाद वाटत होते. लक्ष अप्पांच्या तोंडाकडं होतं, म्हणून बत्तासे सांडत होते.

अप्पांनी घसा साफ केला.

"मशीन हितंच ऱ्हाईल," ते म्हणाले. "पण दासोहात जेवून हात धुवून निघून जायचं नसतं. पंगतीला बसलात, आता वाढायला उभं ऱ्हा. गल्लीतल्या पोरी येतील. त्यांना शिकवा. दोघं."

दोघं. मी आईकडं बघितलं. आई निरांजनाची वात सारखी करत होती.

मग अप्पा विश्वेश्वरकडं वळले. "आणि तुमी. एवढे खेटे घातले. आमी कुणाचं फुकट ठिवून घेत न्हाई. काय पायजे ते सांगा, संकोच करू नका."

विश्वेश्वर उभा राहिला. कान लाल झाले होते.

"अप्पा, मला जे पायजे ते तुमी द्यायचं न्हाई," तो म्हणाला. "ते यांनी द्यायचंय." त्यानं माझ्याकडं बघितलं – पहिल्यांदाच असं सरळ, न चुकवता. "यांनी हो म्हटलं, तर वडलांना घिऊन येतो. न्हाई म्हटलं, तरी पोरींना शिकवायला येईन. त्यात काही बदलायचं न्हाई."

रस्त्यावर कुणीतरी टिकल्या फोडत होतं. अप्पांनी उगाच एक ठाण उचललं, घडी मोडली, पुन्हा घातली. ते रागावले की काय, मला कळेना. मग ठाणाकडंच बघत म्हणाले, "रुद्राणी, गिऱ्हाईक ताटकळलंय."

आलेल्या प्रत्येक स्थळाला सांगायला माझ्याकडं काही ना काही कारण असायचं. कुणाचं गाव लांब, कुणाची मिशी मोठी. त्या क्षणी मी मनात शोधलं, तर एकही सापडेना. सापडला तो एक मुलगा – सीडीवरची विभूती कपाळाला लावणारा, माझा पासवर्ड दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड करणारा, हाताच्या वर येऊन हात मागं घेणारा. माझ्या मनात त्याच्याविषयी प्रेम होतंच, पण त्याहूनही आधी कृतज्ञता दाटून आली. मला कुणी असं विचारेल, सगळ्यांसमोर, आणि उत्तर माझ्यावर सोडून देईल, असं कधी वाटलं नव्हतं.

"उद्या नको," मी म्हणाले. "उद्या भाऊबीज. मामा येणार आहेत."

त्याचा चेहरा पडला. मला त्याची दया आली.

"परवा आणा वडलांना," मी म्हणाले. "आणि त्यांना सांगा, मुलगी बघायला येऊ नका. होकार न्यायला या."